विकर्ण कुठे बसवायचा?

नेहरू-गांधी घराण्यावर महाभारताचं विडंबन बेतायला निघालेले बहुतेक जण आधी पात्रांची जुळणी करतात. इंदिराबाई धृतराष्ट्र, धाकटे चिरंजीव दुर्योधन, मग शकुनी कोण, कर्ण कोण... दोन पानांत नुसता तक्ता उरतो. प्रसंगापासून सुरुवात करा, पात्रं आपसूक येतात.

आणीबाणीसाठी सभापर्वच, म्हणजे द्यूताचा भागच, घ्यावं. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी सही केली आणि मंत्रिमंडळाची बैठक झाली २६ च्या पहाटे. म्हणजे फासे पडून गेल्यावर सभा भरली! भीष्म, द्रोण, कृप जांभया देत आसनांवर बसतात आणि विचारतात, "हरलं कोण?" एवढं पुरे. त्यांच्या तोंडी भाषणं घालू नका. त्यांचं मौनच बोलतं.

द्रौपदीचा प्रश्न मुळात कायद्याचाच आहे: आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावायचा हक्क उरतो का? भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या एडीएम जबलपूर खटल्यात स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येईल का, या प्रश्नाचा निकाल २८ एप्रिल १९७६ ला लागला. चार न्यायमूर्ती 'नाही' म्हणाले, एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले. हा विकर्ण, सभेत द्रौपदीच्या बाजूने बोललेला कौरव. कर्ण त्याला पोर म्हणून गप्प बसवतो. इकडे जानेवारी १९७७ मध्ये खन्नांना डावलून न्यायमूर्ती बेग सरन्यायाधीश झाले. पण साम्य इथेच थांबवा. विकर्ण पुढे कौरवांकडूनच लढला, खन्नांनी राजीनामा दिला.

सगळ्यात मोठी चूक १९७७ ला होते. इंदिराबाईंचा रायबरेलीतला पराभव म्हणजे कुरुक्षेत्र, असं लिहून लेखक मोकळा होतो. मग १९८० चं काय करणार? मेलेले कौरव परत येत नाहीत. इथे अनुद्यूत, म्हणजे द्यूताचा दुसरा डाव, कामाला येतं. द्रौपदीच्या वरांनी पांडव सुटतात, धृतराष्ट्र राज्यही परत देतो, आणि युधिष्ठिर बोलावणं येताच पुन्हा पटावर जाऊन बसतो. जुलै १९७९ मध्ये जनता सरकार आपसांतल्या भांडणांनी पडलं आणि जानेवारीत ३५३ जागा घेऊन इंदिराबाई परतल्या. खरा विनोद याच भागात आहे, कारण इथे हसू पांडवांचं होतं. ते टाळलंत तर उरते नुसती शिवीगाळ.

स्त्रीपर्वाला, म्हणजे युद्धानंतरच्या विलापाला, हात लावू नये. १९८४ आणि १९९१ च्या हत्यांवर विडंबन चालत नाही, वाचक पुस्तक मिटतो.

आणि खरी नावं घालू नका. 'संजय' तर मुळीच नको, तिकडचा संजय आंधळ्या राजाला खरी बातमी सांगतो, इकडे वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त (१९०७) कीचक कीचकच राहिला. तरी प्रेक्षकांना व्हाइसरॉय कर्झन दिसला, सरकारलाही दिसला, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.