चार्जर आमचा, कुलूप दुसऱ्याचं

फोंड्यात आमचं मूळ दुकान मोटर रिवाइंडिंगचं. कुळागरातले पंप, गिरणीच्या मोटरी. बाबांच्या हाताला वार्निशचा वास कायम. विजेवरच्या गाड्यांच्या चार्जरच्या धंद्यात ओढलं ते एका हॉटेलवाल्या गिऱ्हाइकाने. "वायरिंग तुमचंच आहे, आता गाड्यांचंही तुम्हीच बघा," म्हणाला.

पहिले 2 चार्जर बसवताना केबल, ब्रेकर सगळं पारखून घेतलं. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडला की अर्थिंग नीट लागत नाही, म्हणून एक खड्डा जास्तीचा खणला. चार्जर बोलतो कुणाशी, हे मात्र विचारलंच नाही. तो फक्त बनवणाऱ्याच्याच सर्व्हरशी, म्हणजे हिशेब ठेवणाऱ्या दूरच्या संगणकाशी, बोलायचा. आधी त्या सर्व्हरचं वार्षिक भाडं वाढलं, मग सर्व्हरच बंद पडला. आतलं तांबं धडधाकट, पण गन (गाडीत खोचायचा प्लग) लावली की लाल दिवा. पुढे त्या खोक्यावर हॉटेलचे टॉवेल वाळत पडलेले मी पाहिले.

ओसीपीपी, म्हणजे ओपन चार्ज पॉइंट प्रोटोकॉल, चार्जर आणि सर्व्हरने आपसात बोलायची ठरलेली भाषा, हे नाव आमच्या कानावर आलं ते त्यानंतर. नेदरलँड्समध्ये 2009 साली तिथल्या वीजवाहिन्या सांभाळणाऱ्या कंपन्यांच्या ई-लाड संस्थेने याची सुरुवात केली. चार्जर कुणाचाही असो, सर्व्हर कुणाचाही चालावा, एवढंच मागणं. आता ओपन चार्ज अलायन्स तो सांभाळते आणि कुणालाही फुकट देते. 2.0.1 आवृत्तीला 2024 मध्ये आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग) 63584 असा आंतरराष्ट्रीय मानकाचा मानही मिळाला. आमच्या टेबलावर येतो तो माल बहुधा 2015 च्या 1.6 आवृत्तीचाच.

वीज आली की चार्जर सर्व्हरला बूट नोटिफिकेशन पाठवतो: मी अमुक कंपनीचा, तमुक मॉडेल. सर्व्हर होकार देतो आणि त्याच उत्तरात घड्याळाची वेळही कळवतो. पावसात दिवसाला चारदा वीज जाणाऱ्या गावात ती वेळ किती मोलाची, हे चार्जरचं घड्याळ मागे जाऊन 1970 सालची पावती हातात पडल्यावर समजलं! सर्व्हर बदलायचा तर सेटिंगमधला एक पत्ता बदलायचा, बस.

अर्थात डब्यावर ओसीपीपी छापलं म्हणून माल खरा, असं नाही. एका चार्जरने आमची चांगलीच फजिती केली. 1.6 मध्ये मीटरचा सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा वॉट-अवरमध्ये द्यायचा असतो. हा बाबा द्यायचा किलोवॉट-अवरमध्ये. गाडीत 14 युनिट, म्हणजे 14 किलोवॉट-अवर (14 हजार वॉट-अवर) गेली, सर्व्हरने धरले 14 वॉट-अवर. बिल पंचवीस पैसे. पर्यटक खूश होऊन सेल्फी काढून गेला. फर्मवेअर (चार्जरच्या आतलं सॉफ्टवेअर) दुरुस्त होऊन यायला पाऊण महिना लागला.

तेव्हापासून कुठलाही चार्जर भिंतीवर चढण्याआधी दोन दिवस दुकानात राहतो. चार्जिंग चालू असताना आम्ही मुद्दाम चार्जरचं सिम काढतो. नेटवर्क परतल्यावर साठवलेले व्यवहार त्याने सर्व्हरकडे पोचवले पाहिजेत; नाही पोचवले तर माल परत. दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपवरून आमची गन चालू व्हायची तर दोन सर्व्हरांमध्ये ओसीपीआय हे वेगळं मानक लागतं. ते काम अजून व्हायचंय.

आता पुरवठादाराला ऑर्डर देताना एक ओळ ठळक लिहितो: सर्व्हरचा पत्ता बदलायचा पासवर्ड जागेच्या मालकाच्या हातात राहील. ती वाचून दोघांनी आमचे फोन उचलणं बंद केलंय.