बाकावरची लक्ष्मणरेषा

आमच्या शाळेतलं स्नेहसंमेलन फक्त निमंत्रणपत्रिकेवर. बोलताना सगळे गॅदरिंगच म्हणत. दिवाळीची सुट्टी संपली की मराठीच्या बाई वर्गात येऊन विचारायच्या, "काय रे, यंदा कुणाला मारायचं?" म्हणजे कीचकाला, अफझलखानाला की जटायूला. या तिघांपैकी एकाचा नंबर दरवर्षी लागायचाच.

अफझलखानाच्या वर्षी फार काही घडायचं नाही. शामियाना, गळाभेट, वाघनखं आणि मागे पोवाडा म्हणणारी सहा मुलं. कीचकाच्या वर्षी बाई तालमीत आवर्जून सांगायच्या, की खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली आलं तेव्हा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे लोकांनी बरोब्बर ओळखलं आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. आम्ही माना डोलवायचो. लक्ष सगळं साडी नेसलेल्या भीमाकडे.

माझ्या मनात घर करून राहिलंय ते सीताहरण. मी सातवीत होतो आणि पडद्याची दोरी माझ्याकडे होती, त्यामुळे सगळं अगदी विंगेतून पाहिलं. स्टेज म्हणजे वर्गांतली लांब बाकं एकाला एक जोडून, वर सतरंजी. ती पुढच्या रांगेला पुरायची नाही, तिथे लाकूड उघडंच. पर्णकुटी एका कोपऱ्यात आणि तिच्यापुढे त्या उघड्या बाकांवर लक्ष्मणरेषा. तालमीत खडूने ओढलेली रेघ पायांनी पुसून जायची, म्हणून चित्रकलेच्या सरांनी आदल्या दिवशी सरळ पांढरा ऑइल पेंट काढला आणि बोटभर जाडीची रेघ मारली. हेडसरांना विचारलं नव्हतं, हे नंतर कळलं.

रावण आमच्यातला सगळ्यात उंच मुलगा. भगवी छाटी, सुतळीची दाढी, हातात करवंटी. भिक्षा मागण्यापर्यंत ठीक चाललं. छाटी फेकून खरं रूप दाखवायची वेळ आली आणि गडी पुढचं सगळं विसरला. विंगेतून बाई कुजबुजतायत, त्याला ऐकू येईना. शेवटी त्याने जिवाच्या आकांताने "अललडुर्र!" अशी आरोळी ठोकली. हे त्याला बाईंनीच कधीतरी सांगितलेलं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथून मराठी नाटक सुरू झालं. त्या धर्तीच्या नाटकांत राक्षस असेच ओरडत यायचे आणि पात्रं आपले संवाद आयत्या वेळी रचून बोलायची. टाळ्या पडल्या. बाई घाम पुसत म्हणाल्या, "चला, परंपरेत बसतंय."

मग जटायू आला, पुठ्ठ्याचे पंख लावून. रावणाने तलवार उगारली आणि सीतेने एका हाताने तोंड झाकून मान वळवली. हे तिला कुणी बसवून दिलं नव्हतं. पण बघता क्षणी सगळ्यांना ओळखीचं वाटलं, कारण ते राजा रविवर्म्याचं चित्र होतं. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देव घरोघरच्या भिंतींवर गेले. आमच्या सीतेच्याही घरी जटायूवधाचं ते चित्र असलं पाहिजे. रामायणाचं पान उघडायच्या आधी तिने सीता पाहिली होती, आणि आम्हीही.

प्रमुख पाहुण्यांचं भाषण बक्षिसांच्या आधी. पाहुणे बदलायचे, ओळ तीच: "प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे!" आम्ही ती वहीच्या पहिल्या पानावर लिहायचो. प्रयत्नांची थोरवी! बाई मात्र पदर तोंडाला लावून हसत. का, ते पुढे वामन पंडितांचा अख्खा श्लोक वाचल्यावर कळलं. मूळ भर्तृहरीचं. वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात फिरता सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाची समजूत काही काढता येणार नाही, असा तो श्लोक आहे. आणि आम्हाला तो दरवर्षी उत्तेजनार्थ ऐकवला जात होता.

असाच दुसरा धक्का वाल्मीकींनी दिला. अनुवाद हातात आल्यावर मी आधी अरण्यकांड उघडलं, रेषा शोधायला. रेषा नाहीच! सीता लक्ष्मणाला नको ते बोलते, तो दुखावतो, वनदेवता तुझं रक्षण करोत म्हणतो आणि निघून जातो. दोनदा चाळलं, पान गळलंय की काय म्हणून. तुलसीदासांकडे ती सापडली, तीही लंकाकांडात, मंदोदरीच्या टोमण्यात: लक्ष्मणाने एवढीशी रेघ ओढली, तीही तुम्हाला ओलांडता आली नाही आणि म्हणे पराक्रम! मला तर वाटतं, ही रेघ टिकवली ती नाटकवाल्यांनी आणि कीर्तनकारांनीच. रागावून निघून गेलेला माणूस स्टेजवर दाखवता येतो, पण वनदेवता कशा दाखवणार? रेघ शेवटच्या रांगेलाही दिसते.

आमची तर फारच दिसली. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी बाकं आपापल्या वर्गांत परत गेली आणि रेषेचे तुकडे झाले. एक पाचवी ‘ब’मध्ये, दोन आमच्याकडे, एक थेट दहावीत. शिपायाने रॉकेलने घासून पाहिलं, गेली नाही. माझ्या बाकावर ती नेमकी मधोमध आली होती. शेजाऱ्याचं कोपर जरा इकडे सरकलं की मी पट्टी उगारायचो, "ए रावणा, मागे हो!" तो करवंटीसारखी ओंजळ पुढे करायचा आणि म्हणायचा, "माई, भिक्षा. खोडरबर."

खोडरबर रेषेपलीकडे द्यावं लागायचंच.