आठ गुण की दहा: माझ्या प्रोफेसरपदाची फाईल

बी.कॉम.च्या वर्गाला बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्स, म्हणजे धंद्यातला संगणकाचा वापर, शिकवणाऱ्याची एक कायमची पंचाईत असते. संगणकवाले त्याला वाणिज्याचा समजतात आणि वाणिज्यवाले प्रिंटर अडकला की त्याला हाक मारतात. गोव्यातल्या एका कॉलेजात असोसिएट प्रोफेसर होईपर्यंत मी हे हसण्यावारी नेलं. प्रोफेसरपदाच्या बढतीची फाईल करायला बसले, तेव्हा प्रश्न थेट गुणांवर आला.

युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे असोसिएट म्हणून तीन वर्षं, पीएच.डी., किमान दहा शोधनिबंध (त्यातले तीन मूल्यमापनाच्या काळातले) आणि ११० संशोधन गुण लागतात. एका पेपरला विज्ञान-अभियांत्रिकीत ८ गुण, वाणिज्य-व्यवस्थापनात १०. माझे बरेच पेपर संगणकाच्या जर्नलांत. छाननीत शेरा पडला, ‘विषय संगणक, ८ धरावेत.’ नियमांतला गुणांचा तक्ता शिक्षकाची विद्याशाखा बघतो, जर्नलचं नाव नाही, असं मी लेखी दिलं. सोबत नेमणूकपत्र आणि पीएच.डी.ची वाणिज्य शाखा दाखवणारा कागद. तोंडी भांडण्यात अर्थ नसतो, बोललेलं काही फाईलबरोबर वरच्या मजल्यावर जात नाही. शेरा मागे घेतला गेला.

खरा फटका सहलेखनाचा. दोघांचा पेपर असेल तर प्रत्येकी ७० टक्के गुण. तिघं किंवा जास्त असले तर पहिल्या किंवा जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७०, बाकीच्यांना ३०. आता आमच्या विषयात एकट्यानं काम होतं कुठे? एकाला डेटाबेस कळतो, दुसऱ्याला हिशेब, तिसऱ्याला संख्याशास्त्र. परिषदांतही गुण कमीच. आयसीआयएस ही आमची मोठी जागतिक परिषद १९८० पासून भरते, तिथे पेपर लागला की माणूस वर्षभर सांगत फिरतो. तक्त्यात परदेशातल्या परिषदेला ७ गुण, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५. मला हे पटत नाही, पण फाईल पटण्यावर चालत नाही. आणखी एक: जर्नलं केअर यादीत, म्हणजे युजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीत, येत-जात असत. पेपर छापला त्या वेळी जर्नल यादीत होतं, याचा पुरावा आपणच द्यायचा. यादीच्या पानाची प्रिंट त्या-त्या वेळी काढून ठेवायची माझी सवय इथे कामी आली. घरी मात्र त्या गठ्ठ्याची पुष्कळ चेष्टा व्हायची.

मुलाखतीत एका तज्ज्ञ सरांनी तोच प्रश्न विचारला, “मॅडम, तुमच्या कामात वाणिज्य कुठे संपतं आणि सिस्टिम कुठे सुरू होते?” मी म्हापशाच्या बाजारातलं सांगितलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, त्यानंतर दुकानदार बिलाचं सॉफ्टवेअर का घेतात, हे मी विचारत फिरत होते. हातात माणसं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणारं, संशोधक डेव्हिस यांचं १९८९ चं प्रारूप: वस्तू उपयोगाची वाटली आणि वापरायला सोपी वाटली की माणूस ती स्वीकारतो. प्रश्नावली त्यावरच बेतलेली. एक किराणावाले म्हणाले, “बाई, आवडीनं कोण घेतंय? सीएनं सांगितलं, घेतलं.” तिथे ते प्रारूप तोकडं पडलं. सक्ती असते तिथे आजूबाजूच्यांचा दबाव जास्त चालतो, हे संशोधक वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलंच होतं. आमच्या बाजारात तो दबाव कुठून येतो, तर सीएच्या ऑफिसातून, हे मला दाखवता आलं. हिशेब न कळणाऱ्याला तो सीए दिसला नसता, आणि सिस्टिम न कळणाऱ्याला त्याचं महत्त्व. पुढची सगळी मुलाखत त्या सीएवरच झाली. गुणांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

आदेश यथावकाश आला. थकबाकी अजून यायची आहे. परवा विभागातली एक नवी मुलगी पेपरचा मसुदा दाखवायला आली. चार लेखक, तिचं नाव तिसरं, आणि विदा (डेटा) सगळी तिनेच गोळा केलेली. मी मसुदा वाचण्याआधी विचारलं, “पत्रव्यवहाराची लेखक कोण?” तिला ठाऊक नव्हतं. म्हटलं, “आधी ते चौघांत ठरवून घे. मग ये, मी वाचते.”