शाइन ऑन, घरच्या घरी: ग्लासचा सूर अखेर ठरला!

ठोके (आवाजाचं सारखं फुगणं-बसणं) गेले! पिंक फ्लॉइड या रॉक बँडचं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' मी घरी बनवतोय आणि त्याच्या सुरुवातीचे सूर वाइन ग्लासच्या कडेवर बोट फिरवून टिपतोय. मागच्या अपडेटपासून ज्याने छळलं होतं ते हिंदकळणं काल रात्री थांबलं आणि जी हा सूर अगदी सरळ, लांब उभा राहिला.

सोलिनाचा (तंतुवाद्यांसारखा आवाज देणारा कीबोर्ड) थर कधीचाच तयार आहे, गाडी अडली होती ग्लासपाशी. फ्लॉइडने 1973मध्ये वाद्यं बाजूला ठेवून घरगुती वस्तूंवर अल्बम करायला घेतला आणि सोडून दिला. त्यातलं वाइन ग्लासचं ध्वनिमुद्रण 1975च्या 'विश यू वर हिअर' अल्बमच्या सुरुवातीला, म्हणजे याच गाण्यात, कामी आलं. म्हणून मला तिथे तयार रेकॉर्ड केलेलं सॅम्पल नको, खरी काचच हवी.

पाणी घालून सूर उतरवणं सोपं आहे. पण ओलं बोट कडेवरून फिरवलं, की एका फेरीत आवाज चारदा फुगायचा, चारदा बसायचा. काचेची कड चार जागी जोरात थरथरते, त्यांच्या मधल्या चार जागा जवळपास स्थिर असतात आणि ही सगळी रचना बोटाबरोबर फिरते. माइक मात्र एकाच जागी! कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारं साधन) लावला तर बोट घासल्याची खरखर तेवढी वर येते.

मग कडेजवळ 45 अंशांच्या अंतराने दोन माइक लावले. एकाचा आवाज बसतो तेव्हा दुसऱ्याचा फुगतो. डावी-उजवीकडे पॅन केल्यावर झकास. मोनो केलं, म्हणजे दोन्ही एकत्र मिसळले, की ठोके परत! शेवटी एक ट्रॅक पाव आवर्तनाने, म्हणजे एका कंपनाच्या वेळेच्या चौथ्या भागाने, सरकवला. 392 हर्ट्झच्या जीला 0.64 मिलिसेकंद. ठोके गायब! रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक इतका बारीक सरकवता येतो, त्यासाठी मी त्याला कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरच्या वर ठेवेन.

ग्लास पातळ काचेचेच घ्या. हॉटेलवाले घेतात ते जाड ग्लास स्वच्छ बोलत नाहीत. बोटं साबणाने धुऊन तेलकटपणा घालवा.

लिहिता लिहिता लक्षात येतंय, हे सरकवणं सुराप्रमाणे बदलणार: बी फ्लॅटला 0.54, वरच्या डीला 0.43. म्हणजे जी मायनर कॉर्डच्या तिन्ही सुरांचे ग्लास एकत्र वाजवून टिपायचा बेत रद्द. एकेक सूर सुटा घेतो. त्यात फायदाही आहे, फेडरवर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) प्रत्येक सूर हवा तसा आत-बाहेर करता येईल. पाणी वाफ होऊन उडालं की सूर चढतो, तेव्हा प्रत्येक टेकआधी ट्यूनर.

आता बी फ्लॅट. गाण्यातले स्ट्रॅट गिटारवरचे ते चार सूर, बी फ्लॅट-एफ-जी-ई, हा जी मायनर पुरा झाल्यावरच.