देवाचं देवाला, आणि देशाचं?

१५ ऑगस्ट, रात्री

आमच्याकडे या दिवशी दोन सण एकत्र येतात. सकाळी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, आणि ती संपली की पटांगणात झेंडावंदन. वसईतल्या गावागावांत आज हेच चित्र असतं. पाऊस होताच. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या बायकांनी झेंडा वर जाताना छत्र्या मिटल्या आणि डोक्यावर पाणी घेत त्या ‘जन गण मन’ म्हणत ताठ उभ्या राहिल्या. त्यांना कुणी छत्री मिटायला सांगितलं नव्हतं. मला हा दिवस वर्षातल्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त आवडतो.

पण आज डोक्यात एक प्रश्न घेऊनच मी तिथे उभा होतो. परवा संध्याकाळी विरार गाडीत आमच्या रोजच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी, मी रोमच्या पोपना मानणारा कॅथलिक म्हणून, मला विचारलं, “राग मानू नका, पण उद्या रोम आणि दिल्ली यांच्यात वाद झाला तर तुम्ही कुणाच्या बाजूनं?” माणूस मनानं चांगला आहे, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी “दिल्लीच्या” म्हणालो, आणि ते खरंही आहे. पण या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊन भागत नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

माझं आडनाव पोर्तुगीज आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगालचं राज्य होतं आणि आमचा धर्म त्या काळात, तलवारीच्या सावलीत इथे आला. ते झाकायचं कारण नाही. भीमाशंकरच्या देवळापुढची मोठी घंटा मी पाहिली आहे. चिमाजीअप्पांनी वसईहून नेलेली म्हणून ती दाखवतात. तिच्यासमोर उभं राहिल्यावर मला पराभव झाल्यासारखं अजिबात वाटलं नाही. १७३९ मध्ये किल्ला पडला, पोर्तुगीज निघून गेले आणि आमचे पूर्वज इथेच राहिले. त्यांच्या केळीच्या वाड्या इथे होत्या, बावखलं म्हणजे वाडीतली तळी इथे होती, भाषा इथली होती. मराठ्यांच्या राज्यात ते मिस्सेला जात राहिले. ज्या राजाच्या नावानं धर्म आला तो राजा गेल्यावरही धर्म टिकला, हे फार कमी लोक लक्षात घेतात. तो लिस्बनच्या आधारानं उभा असता तर लिस्बनबरोबरच गेला असता.

गोव्यात तर आणखी स्पष्ट दिसतं. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध आयुष्यभर लढणारे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा कॅथलिक घरातले. १९४६ मध्ये राममनोहर लोहिया ज्यांच्याकडे असोळण्याला उतरले ते डॉ. ज्युलियांव मिनेझिसही कॅथलिक. कुन्हांना तर पकडून पोर्तुगालला नेलं आणि तिथे कैदेत ठेवलं. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, म्हणून त्यांनी पारतंत्र्य गोड मानलं नाही.

आणि मुंबईचे काका बॅप्टिस्टा! माझगावच्या माथारपाखाडीतला हा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक समाजातला माणूस, लोकमान्य टिळकांचा बॅरिस्टर आणि जिवलग सहकारी. १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग काढली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा. १९२० मध्ये आयटक ही देशव्यापी कामगार संघटना उभी राहिली तेव्हा कामगारांच्या बाजूनंही तेच पुढे. पुढे मुंबईचे महापौर झाले. ‘स्वराज्य माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ ही घोषणा टिळकांना त्यांनीच सुचवली असं सांगतात. ते खरं असो वा नसो, टिळकांनी त्यांच्यावर टाकलेला विश्वास तर इतिहासात नोंदलेला आहे.

हा झाला इतिहास. गाडीतल्या त्या गृहस्थांना तो पुरेलही, मला मात्र पुरत नाही. कारण खरा प्रश्न आडनावाचा नाही, श्रद्धेचा आहे. ज्याला मी प्रभू म्हणतो त्याच्यापुढे बाकी सगळ्या निष्ठा दुय्यम ठरतात. मग देशाला काय उरतं?

मला वाटतं, भरपूर उरतं. येशूला पेचात पकडायला लोकांनी कराचं नाणं आणलं तेव्हा त्यानं विचारलं, यावर मुखवटा कुणाचा? कैसराचा, म्हणजे रोमन सम्राटाचा. मग कैसराचं ते कैसराला द्या, देवाचं ते देवाला. म्हणजे कर भरा, कायदा पाळा, राज्याचं देणं बुडवू नका. पण नाण्यावर कैसराचा मुखवटा आहे तसं माणसावर देवाचं प्रतिरूप आहे, हे बायबलच्या पहिल्याच अध्यायात सांगितलंय. म्हणून नाणं सरकारचं, माणूस अख्खा सरकारचा नाही. त्याच येशूनं यरुशलेम समोर दिसल्यावर त्या शहरासाठी अश्रू ढाळले. आपल्या गावाच्या भवितव्यानं ज्याचे डोळे भरून येतात त्याच्या शिष्यांना देशप्रेम परकं कसं असेल? आणि यिर्मया संदेष्टा तर बाबेलच्या बंदिवासात पडलेल्या लोकांना कळवतो की त्या नगराचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या हितातच तुमचं हित आहे. शत्रूच्या नगराबद्दल ही आज्ञा! आम्ही तर आमच्याच घरात आहोत.

माझ्या श्रद्धेत जे बसत नाही ते एवढंच: देशाला देवाच्या आसनावर बसवणं. तसं केलं की काय होतं ते जर्मनीत दिसलं. १९३३ नंतर तिथल्या कितीतरी ख्रिस्ती लोकांनी आणि धर्मगुरूंनी हिटलरच्या राष्ट्रवादाला चर्चचे दरवाजे उघडून दिले. त्यांच्याविरुद्ध १९३४ मध्ये जर्मनीतल्याच बार्मेनला जमलेल्या चर्चच्या मंडळींनी जाहीर केलं की चर्चचा प्रभू ख्रिस्त, दुसरा कुणी नाही. त्याच प्रवाहातले पाळक डिट्रिख बॉनहोफर १९३९ मध्ये अमेरिकेत सुखरूप पोचले होते. काही आठवड्यांतच ते परत जर्मनीला गेले, कारण देशाच्या संकटात बाहेर राहिलो तर नंतर तो उभारायला हात लावण्याचा हक्क आपल्याला राहणार नाही, असं त्यांना वाटलं. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्यांना फाशी दिलं. राजवटीच्या लेखी ते देशद्रोही. माझ्या लेखी त्या काळातल्या जर्मनीवर त्यांच्याइतकं प्रेम फार थोड्यांनी केलं.

आपल्याकडचंही एक उदाहरण इथे लिहून ठेवतो. केरळमधली तीन शाळकरी भावंडं, यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथातली. राष्ट्रगीत सुरू झालं की आदरानं उभी राहायची, पण म्हणायची नाहीत. त्यांना शाळेतून काढलं. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मी त्या पंथाचा नाही, मी राष्ट्रगीत मोठ्यानं म्हणतो, त्यांचा विचार मला पटत नाही. तरी त्या निकालाचा मला अभिमान वाटतो. तीन पोरांच्या विवेकाला जागा देऊ शकणारा देश माझा आहे, ही भावना माझ्या देशप्रेमाचा मोठा भाग आहे.

आणि देशप्रेम मी प्रत्यक्ष पाहिलं ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यात. टँकर दिवसरात्र वसईचं गोडं पाणी उपसून नेत होते, विहिरी खाऱ्या व्हायला लागल्या होत्या, आणि त्याविरुद्ध बोलायची सोय नव्हती. गुंडांची दहशत तशी होती. त्या वेळी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, फादर पुढे झाले आणि त्यांच्यामागे ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सगळे आले. गावाची माती आणि पाणी वाचवणं हे त्यांना प्रार्थनेपासून वेगळं काम वाटत नव्हतं. हाच माणूस २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला. ज्ञानेश्वर-तुकाराम ज्यांच्या बोलण्यात सतत असत त्यांना मराठीपणाचा दाखला मागितला गेला, याचं दुःख माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

थोडं आमच्याकडेही बोट दाखवतो. दुपारी मुलीला विचारलं, काका बॅप्टिस्टा कोण? तिला माहीत नव्हतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात तिला संत गोन्सालो गार्सिया शिकवले आहेत, वसईत जन्मले आणि १५९७ मध्ये जपानमध्ये हुतात्मा झाले ते. ते शिकवायलाच हवेत. पण बॅप्टिस्टा, कुन्हा, तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक, संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी यांच्यातलं एकही नाव त्या वर्गात येत नाही. आमची मुलं उद्या अशाच एखाद्या गाडीत अशाच एखाद्या प्रश्नापुढे उभी राहणार आहेत.

रविवारी मिस्सा झाल्यावर फादरना भेटून चार धडे मागणार आहे. बॅप्टिस्टांचा मी स्वतः लिहून देईन. त्याआधी मुलीला घेऊन माथारपाखाडीला एक चक्कर मारून येतो.