कांद ते टूर्स: संत मार्टिनच्या मागे

फ्रान्समध्ये व्हिएन नदी लोआर नदीला मिळते त्या संगमावरच्या कांद गावातून मी नोव्हेंबरच्या आरंभी टूर्सकडे चालू लागलो. टूर्सचे बिशप संत मार्टिन यांनी ८ नोव्हेंबर ३९७ रोजी कांदमध्येच देह ठेवला. तिथल्या धर्मगुरूंमधले भांडण मिटवायला ते म्हातारपणी आले होते. तापाने अंग जळत असताना शिष्यांनी गवताचे अंथरूण घालू म्हटले, तेव्हा ख्रिस्ती माणसाने राखेवरच मरावे, असे ते म्हणाले.

त्यांच्या देहासाठी प्वातिए आणि टूर्स या दोन्ही गावांचे लोक अडून बसले. रात्री प्वातिएकरांचा डोळा लागताच टूर्सकरांनी देह खिडकीतून बाहेर काढला आणि नावेत घालून नेला, असे सहाव्या शतकातले बिशप ग्रेगरी सांगतात. टूर्स प्रवाहाच्या वरच्या अंगाला असल्याने ती नाव उलटी वल्हवत न्यावी लागली असणार. पुढे दिंडी नव्हती, पताका नव्हती. त्या नावेच्या मागे आपण चाललो आहोत, एवढ्यावरच माझी वारी चालली होती.

ब्रेएमोंच्या काठावर दुपारी ऊन चांगलेच तापले. नोव्हेंबरातल्या अशा उबेला फ्रान्समध्ये संत मार्टिनचा उन्हाळा म्हणतात. आमियाँच्या वेशीवर आपला झगा तलवारीने कापून अर्धा भिकाऱ्याला देणारा शिपाई मार्टिन सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मनात मात्र बिशप मार्टिन घोळत होते. ३७१ च्या सुमारास टूर्सकरांनी त्यांना आजारी बाईच्या भेटीचे निमित्त सांगून मठाबाहेर आणले आणि बिशप केले. केस विस्कटलेले, कपडे मळके, म्हणून काही बिशपांनी विरोध केला, पण लोकांनी ऐकले नाही. जिवंतपणी आणि मेल्यावरही टूर्सने त्यांना युक्तीनेच आपले करून घेतले. पुढे पाखंडी ठरलेल्या प्रिसिलियनचा जीव वाचावा म्हणून त्यांनी सम्राट मॅक्सिमसची विनवणी केली. ती व्यर्थ गेली. नंतर इतरांचे प्राण वाचवण्यासाठी प्रिसिलियनच्या विरोधकांशी धर्मसहभाग, म्हणजे त्यांच्यासोबत उपासना, करावा लागला, याचे दुःख त्यांना अखेरपर्यंत राहिले. मला ते सर्वांत जवळचे वाटतात ते या दुःखामुळे.

व्हिलांद्री, साव्होनिएर करत तिसऱ्या संध्याकाळी मी टूर्सला पोहोचलो. फ्रेंच क्रांतीनंतर पाडलेल्या जुन्या बॅसिलिकाचे, म्हणजे मोठ्या चर्चचे, दोनच मनोरे उरले आहेत. १८६० मध्ये पुन्हा सापडलेली मार्टिन यांची कबर आता नव्या बॅसिलिकाच्या तळघरात आहे. तिथे मेणबत्ती लावली आणि धुळीने भरलेल्या बुटांनिशीच गुडघे टेकले.