हुकमाची पोरं

बुखारेस्टला गेल्यावर सगळे करतात तेच आम्हीही केलं. आधी रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याचा तो अवाढव्य राजवाडा बघून आलो. (पासपोर्ट बरोबर ठेवा, नाहीतर आत सोडत नाहीत.) झुंबरं, संगमरवर, पुन्हा झुंबरं. तासाभरात पाय मोडले आणि लक्षात फारसं काही राहिलं नाही.

लक्षात राहिला तो घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातला एक वर्गफोटो. त्यात मुलं इतकी दाटीवाटीने बसवलेली, की मी विचारलं, "अख्खी शाळा का ही?"

"एकच तुकडी," बाई म्हणाल्या. "आम्ही देक्रेत्सेइ."

देक्रेत म्हणजे सरकारी हुकूम, आणि ही हुकमाची पोरं. रुमानियात १९५७ पासून गर्भपाताला कायद्याने मुभा होती. गर्भनिरोधकं जवळपास मिळायचीच नाहीत, त्यामुळे बायकांची सगळी भिस्त त्यावरच. १९६५ साली एका जन्मामागे सुमारे चार गर्भपात होत होते. जन्मदर घसरतोय म्हणून चाउशेस्कूने ऑक्टोबर १९६६ मध्ये हुकूम क्रमांक ७७० काढला: गर्भपात बंद. पंचेचाळिशी उलटलेल्या, चार मुलं असलेल्या, बलात्कारातून दिवस गेलेल्या किंवा जिवाला धोका असलेल्या अशा मोजक्या बायकांना सूट. बाकीच्यांनी बाळंत व्हायचं. १९६६ मध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास जन्म झाले होते, १९६७ मध्ये सव्वापाच लाखांवर. बाई त्यांतल्याच. "आई सांगायची, वॉर्डात एका खाटेवर दोघी होत्या. पुढे शाळाही पाळ्यांमध्ये."

पुढे बायकांनी आडवाटा शोधल्या आणि जन्मदर पुन्हा उतरला, तसा फास आवळत गेला. मूल नसलेल्यांवर कर होताच. ऐंशीच्या दशकात कारखान्यांतून बायकांची तपासणी होऊ लागली, आणि चारऐवजी पाच मुलांची अट आली. गोळ्या मिळायच्या त्या काळ्या बाजारात. तिथे पैशापेक्षा केंट सिगारेटची पाकिटं जास्त चालत.

मी त्यांना आपल्या आणीबाणीबद्दल सांगितलं. धरून आणून केलेल्या नसबंद्या, आणि १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक, ज्याला राष्ट्रपतींची संमती कधी मिळाली नाही. बाई खूप हसल्या. "दोघांची गाठ घालून द्यायला हवी होती," म्हणाल्या.

मग त्यांनी कॉफी ओतली आणि मावशीची गोष्ट काढली. मावशीला दोन मुलं होती, तिसरं नको होतं. शेजारच्या एका बाईने घरातच काहीतरी केलं. रक्त थांबेना म्हणून इस्पितळात नेलं, तर आधी प्रश्न, कोणी केलं? नाव सांग, मग उपचार. अशा वेळी चौकशीचा माणूस खाटेपाशी हजर असायचा. मावशीने नाव सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी गेली. त्या तेवीस वर्षांत रुमानियात अशा दहा हजारांच्या आसपास बायका मेल्या असं मानतात.

२५ डिसेंबर १९८९ ला चाउशेस्कूला गोळ्या घातल्या. दुसऱ्याच दिवशी नव्या सरकारने हुकूम रद्द केला. बाई तेव्हा बावीस वर्षांच्या.

"ती शेजारीण?" मी विचारलं.

"आमच्याकडे रविवारी जेवायला यायची. मावशी गेल्यावरही."

"घरात माहीत होतं?"

"सगळ्यांना," असं म्हणून त्यांनी साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला.